जनरल कनिंगहॅम यांची वाट : भारहुत, नागपूर, भांदक

ब्रिटिश लष्कर हा शब्द उच्चारला की आपल्या समाजाच्या मनात काही ठरावीक चित्रे उभी राहतात. १८१८ सालचे कोरेगाव, महूच्या छावणीतील सुभेदार रामजी, १८२१ पासून नागपूरच्या कुशीत वसलेली कामठीची छावणी आणि त्या छावण्यांमुळे आपल्या आजोबा-पणजोबांच्या हाती आलेले पहिले अक्षर. हे सगळे खरे आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिलेही गेले आहे. प्रस्तुत लेखात मात्र याच लष्करातील एका वेगळ्या अधिकाऱ्याचा परिचय करून द्यावयाचा आहे. हे गृहस्थ मेजर जनरल या हुद्द्यावरून निवृत्त झाले. पण आज त्यांचे नाव ज्या कारणाने घेतले जाते ते काम त्यांनी मुख्यतः निवृत्तीनंतर केले. त्यांचे नाव अलेक्झांडर कनिंगहॅम. सारनाथ, सांची, श्रावस्ती, नालंदा, बुद्धगया ही नावे आपल्या विद्यार्थ्यांना आज तोंडपाठ असतात. ही स्थळे नेमकी कोठे होती, हे दोनशे वर्षांपूर्वी या देशात जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हते, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते.

कनिंगहॅम यांचा जन्म २३ जानेवारी १८१४ रोजी लंडनमध्ये झाला. वडील ॲलन कनिंगहॅम हे स्कॉटिश कवी होते. घरची परिस्थिती बेताचीच होती. प्रसिद्ध कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्या शब्दामुळे दोन मुलांना ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात उमेदवारी मिळाली. थोरला जोसेफ पुढे शीखांचा इतिहास लिहून प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथात त्याने सरकारला न रुचणारे सत्य लिहिले आणि त्यापायी त्याला आपले राजकीय पद गमवावे लागले. धाकटा अलेक्झांडर ॲडिसकोम्ब येथील कंपनीच्या लष्करी विद्यालयात शिकला, १८३१ साली बंगाल इंजिनियर्स या दलात नियुक्त झाला आणि १८३३ साली वयाच्या एकोणिसाव्या वर्षी भारतात उतरला.

कलकत्त्यात त्याला जेम्स प्रिन्सेप भेटले. ही भेट झाली नसती तर कदाचित आपण आज त्याच्याविषयी लिहीतही नसतो. प्रिन्सेप टांकसाळीतले अधिकारी होते. जुन्या नाण्यांचा आणि शिलालेखांचा त्यांना ध्यास लागलेला होता. त्यांनीच १८३७ साली ब्राह्मी, म्हणजे आपण जिला धम्मलिपी म्हणतो ती लिपी उलगडली आणि सम्राट अशोकाचे शब्द दोन हजार वर्षांनंतर पुन्हा वाचले जाऊ लागले. तरुण कनिंगहॅम या ध्यासाचा वारसदार झाला.

जानेवारी १८३५ मध्ये, लिपी उलगडण्याच्याही आधी, एकवीस वर्षांच्या या लेफ्टनंटाने सारनाथचा धामेक स्तूप खणावयास घेतला. खर्च स्वतःच्या खिशातून केला आणि तो पाचशे रुपयांच्या वर गेला. माथ्यापासून पायापर्यंत शंभर फुटांहून खोल विवर त्याने मजुरांकरवी उतरवले. या कामाला वर्षाहून अधिक काळ लागला. वरून तीन फुटांवर एक शिला मिळाली. तिच्यावर कार्यकारणभावाची सुप्रसिद्ध बौद्ध गाथा कोरलेली होती. त्याखाली मात्र अस्थी नव्हत्या, करंडक नव्हता, काहीच नव्हते. एवढ्या कष्टांचे फळ एक शिला! पण त्याच मुक्कामात शंकर नावाच्या एका वृद्धाने त्याला जुनी आठवण सांगितली. १७९४ साली जगतसिंगाच्या माणसांनी शेजारचा दुसरा स्तूप विटांसाठी पाडला. त्यातून दगडी पेटी आणि तिच्या आत अस्थी निघाल्या. अस्थी गंगेत सोडण्यात आल्या व मोठी दगडी पेटी तिथेच राहिली. वृद्धाने जागा दाखवली आणि पेटी सापडली. इतिहासाच्या ग्रंथांत या शंकरचे नाव एकदाच येते. धर्मराजिक स्तूपाचा ठावठिकाणा मात्र आपल्याला त्याच्याच स्मरणशक्तीने दिला.

सारनाथची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कनिंगहॅम यांनी तिथे जमवलेल्या मूर्तींपैकी काही कलकत्त्यास गेल्या. मागे राहिलेल्यांपैकी अठ्ठेचाळीस मूर्ती आणि कोरीव दगड पुढे वरुणा नदीवरील पुलाच्या खांबांना पाण्याचा मार बसू नये म्हणून नदीत टाकण्यात आले. पूल सरकारी होता. म्हणजे विटांसाठी स्तूप पाडणारा जमीनदार आणि पुलासाठी बुद्धमूर्ती नदीत लोटणारा साहेब, दोघांच्याही लेखी तो केवळ दगडच होता.

मधल्या लष्करी सेवेचा आढावा थोडक्यात घेऊ. गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांचा शरीररक्षक अधिकारी, अवधच्या नवाबाकडे अभियंता, डिसेंबर १८४३ मध्ये ग्वाल्हेरच्या फौजेविरुद्ध पनियारच्या लढाईत सहभाग, दोन्ही शीख युद्धांत पूल बांधणे व तोफखान्यासाठी वाटा काढणे, १८४७ साली लडाख व तिबेटच्या सीमेची पाहणी, चिलियनवाला आणि गुजरात येथील १८४९ च्या लढाया, मग मुलतान, ब्रह्मदेशात मुख्य अभियंता आणि शेवटी वायव्य प्रांताचा मुख्य अभियंता. ३० जून १८६१ रोजी अठ्ठावीस वर्षांच्या सेवेनंतर ते मेजर जनरल म्हणून निवृत्त झाले. रणांगणावरील पराक्रमासाठी लक्षात राहावेत असे हे अधिकारी नव्हते. ते अभियंता होते. अंतर मोजणे, नकाशा वाचणे, भिंतीची जाडी पाहून तिचे वय ताडणे ही त्यांची खरी शस्त्रे होत, आणि हीच शस्त्रे पुढे उपयोगी पडली.

याच धामधुमीत १८५१ साली लेफ्टनंट मेझी यांच्यासह ते सांचीला गेले. तिसऱ्या क्रमांकाच्या स्तूपात त्यांना दोन दगडी पेट्या सापडल्या. एकीच्या झाकणावर सारिपुत्ताचे नाव होते आणि दुसरीच्या झाकणावर महामोग्गल्लानाचे. आतील करंडकांच्या झाकणांवर आतल्या बाजूने शाईने एकेक अक्षर लिहिलेले होते, एकावर ‘स’, दुसऱ्यावर ‘म’. भगवान बुद्धांच्या दोन अग्रश्रावकांच्या अस्थी ठेवताना कोण्या भिक्खूने घाईत खूण म्हणून लिहिलेली ती अक्षरे दोन हजार वर्षांनंतरही पुसली गेलेली नव्हती. दुसऱ्या क्रमांकाच्या स्तूपात धम्मप्रसारासाठी हिमालयाकडे गेलेल्या थेरांची नावे मिळाली. सिंहली बखरींतील ज्या हकिकतीला युरोपीय पंडित दंतकथा म्हणत, तिला दगडाचा पुरावा मिळाला. १८५४ साली ‘द भिल्सा टोप्स’ या ग्रंथात कनिंगहॅम यांनी हे सर्व प्रसिद्ध केले.

अर्थात अस्थी इथे राहिल्या नाहीत. सातधाराच्या स्तूपातून मिळालेल्या सारिपुत्त-मोग्गल्लानांच्या अस्थी मेझींकडून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेल्या. काचेच्या कपाटात त्यांना एक क्रमांक मिळाला. १९४७ साली त्या श्रीलंकेस परतल्या, १९४९ साली भारतात आल्या आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात त्यांची प्रतिष्ठापना झाली. शंभर वर्षांची ही यात्रा आपल्या उपासकांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

आता एका अप्रिय प्रश्नाकडे वळणे भाग आहे. हा ख्रिस्ती लष्करी अधिकारी बौद्ध अवशेषांच्या मागे का लागला? आपल्याकडील काही भाषणांत त्यांना जवळजवळ धम्मबंधू ठरवले जाते. पुरावा तसे सांगत नाही. १८४२ साली संकिसा हे स्थळ ओळखल्यानंतर त्यांनी कर्नल साईक्स यांना एक पत्र लिहिले आणि ते पुढच्या वर्षी लंडनमध्ये छापले गेले. साईक्स हे मुंबई इलाख्याच्या फौजेतले, दख्खनची पाहणी केलेले आणि बौद्ध धर्मात रस असलेले गृहस्थ होते. पत्रातील युक्तिवाद दुहेरी होता. भारत लहान लहान राज्यांत विभागलेला असताना परकीयांना बळी पडला, हे इतिहासावरून दिसेल, म्हणून राज्यकर्त्यांना हा अभ्यास उपयोगी आहे, हा पहिला भाग. ब्राह्मणी धर्म अनादी व अपरिवर्तनीय नाही, तो वेळोवेळी बदलत आला आहे, हे बौद्ध अवशेष सिद्ध करतील आणि म्हणून या देशात ख्रिस्ती धर्माचा मार्ग अंती मोकळा होईल, हा दुसरा भाग.

हे वाचून आपल्यापैकी काहींना धक्का बसेल, काहींना रागही येईल. प्रस्तुत लेखकास मात्र ते पत्र दडवून ठेवणे योग्य वाटत नाही. अनुमानाचा पहिला भाग, म्हणजे समाजव्यवस्था ईश्वरनिर्मित व अचल नाही हे, बरोबरच होते. दुसरा भाग चुकला. पत्र छापल्यानंतर एकशे तेरा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, याच नागपुरात लाखो माणसांनी धर्म बदलला. परंतु ज्या वाटेची कनिंगहॅम यांना अपेक्षा होती ती वाट त्यांनी धरली नाही.

निवृत्तीच्याच वर्षी लॉर्ड कॅनिंग यांनी त्यांना पुरातत्त्व सर्वेक्षक म्हणून नेमले. कामाची पद्धत विलक्षण होती. ह्युएनत्संग या चिनी भिक्खूच्या सातव्या शतकातील प्रवासवृत्ताचे फ्रेंच भाषांतर नुकतेच प्रसिद्ध झाले होते. अमुक नगरापासून तमुक दिशेस इतके ‘ली’ चालल्यावर अमुक विहार लागतो, अशी त्यातील नोंद असे. कनिंगहॅम ‘ली’चे मैल करीत, नकाशावर रेघ ओढीत आणि त्या रेघेवर हत्तीने, घोड्याने किंवा पायी जात. रेघ जिथे संपेल तिथे टेकाड, जुन्या विटा, नाणी शोधीत आणि खेड्याच्या नावात जुन्या नावाचा अंश ऐकू येतो का ते पाहत. अशा रीतीने साहेत-माहेत हेच श्रावस्ती, कोसम हेच कौशांबी, बडगाव हेच नालंदा, बसाढ हेच वैशाली हे निश्चित होत गेले. १८६३ साली जेतवनात बोधिसत्त्वाची प्रचंड मूर्ती सापडली. तिच्या लेखात श्रावस्तीचेच नाव निघाले.

चुकाही झाल्या. कपिलवस्तूची निश्चिती साफ चुकली. सहायक कार्लाइल यांनी बस्ती जिल्ह्यातील भुइला हे स्थळ सुचवले आणि कनिंगहॅम यांनी ते मान्य केले. लुंबिनीचा अशोकस्तंभ १८९६ साली उजेडात आला, तेव्हा ते हयात नव्हते. हडप्पा येथे त्यांनी स्वतः खणले, तिथली मुद्रा प्रसिद्धही केली, पण ती परदेशी समजून बाजूला ठेवली. अवघी सिंधू संस्कृती हातात आलेली असताना निसटली! हडप्पाच्या विटा त्याआधीच लाहोर-मुलतान लोहमार्गाखाली घातल्या गेल्या होत्या. शिवाय स्तूपाच्या मध्यातून सरळ विवर उतरवण्याची त्यांची रीत आजच्या उत्खननशास्त्राला मान्य होणार नाही. थरांची नोंद त्या काळी कोणी ठेवीत नसे. एकदा खणलेली जागा पुन्हा तशीच खणता येत नाही, त्यामुळे जे गेले ते गेलेच.

१८६६ साली सरकारने काटकसर म्हणून हे खातेच बंद केले. कनिंगहॅम विलायतेस गेले आणि एका बँकेचे संचालक झाले. १८७१ साली खाते पुन्हा उभारले गेले. त्याचे पहिले महासंचालक म्हणून ते सत्तावन्नाव्या वर्षी परतले.

इथून आपल्या प्रदेशाचा संबंध येतो. नोव्हेंबर १८७३ च्या अखेरीस ते मध्य प्रांताच्या दौऱ्यावर निघाले होते. वाटेत सतन्याजवळ भारहुत नावाच्या खेड्यात त्यांना तांबूस दगडाच्या वेदिकेचे काही खांब जमिनीतून डोकावताना दिसले. जिथे मोठा स्तूप असावयास हवा तिथे जवळजवळ काहीच नव्हते. त्याच्या विटांनी दोनशेहून अधिक घरांचे गाव उभे राहिले होते. वेदिकेवर मात्र जातककथा कोरलेल्या होत्या आणि नवलाची गोष्ट अशी की चित्रांखाली त्यांची नावेही लिहिलेली होती. अनाथपिंडिकाने सुवर्णनाण्यांनी भूमी झाकून जेतवन विकत घेतले, तो प्रसंग तिथे नावानिशी दिसतो. कोणत्याही संशोधकाने अशा वेळी पुढचा दौरा रद्द केला असता. हा माणूस लष्करी शिस्तीचा! ठरलेला दौरा पुरा करण्यासाठी भारहुत तसेच मागे ठेवून ते पुढे निघाले आणि नागपुरास येऊन चांदा जिल्ह्यातून गोदावरीच्या दिशेने गेले. फेब्रुवारी १८७४ मध्ये परतताना मगच भारहुतला दहा दिवस मुक्काम केला.

तेव्हाचे नागपूर कसे होते? भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झालेले, १८६१ साली मध्य प्रांताची राजधानी झालेले, १८६७ साली आगगाडी आलेली, ‘अजब बंगला’ हे संग्रहालय दहा वर्षांचे झालेले. आसपासच्या शिळावर्तुळांकडे कामठीच्या छावणीतील तोफखान्याचे मेजर पिअर्स यांचे आधीच लक्ष गेले होते. वारेगाव येथील मोठे वर्तुळ त्यांनी खणले होते. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने तर १८६३ साली टाकळघाटची अशीच वर्तुळे पाहून परतताना नदीत प्राण गमावला होता. कनिंगहॅम यांना मात्र ओढ होती ह्युएनत्संगाची. त्या भिक्खूने कलिंगानंतर कोसल नावाच्या देशाचे वर्णन केले आहे. तिथे शंभर विहार, सुमारे दहा हजार भिक्खू, आचार्य नागार्जुनांचे वास्तव्य आणि डोंगरात खोदलेला संघाराम होता. १८७१ साली आपल्या प्राचीन भूगोलाच्या ग्रंथात कनिंगहॅम यांनी या कोसलाच्या राजधानीसाठी चांद्याचा विचार केला होता. १८७३-७४ व १८७४-७५ सालच्या दौऱ्यांच्या अहवालात भांदकच्या अवशेषांचे वर्णन आहे.

भांदक म्हणजे आजची भद्रावती. वरोऱ्याच्या पुढे, चंद्रपूरच्या वाटेवर. तेथील विजासन टेकडीची लेणी आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असतील. आत शिरल्यावर सरळ पुढे एक लांब बोळ जातो, उजवीकडे आणि डावीकडे तसेच आणखी दोन. प्रत्येकाच्या टोकाला गाभारा आणि गाभाऱ्यात आसनस्थ बुद्ध. बाहेरचे ऊन मागे पडत जाते आणि डोळे अंधाराला सरावल्यावर मूर्ती हळूहळू समोर येते. ह्युएनत्संगाचे कोसल इथले असावे, हे अनुमान पुढील संशोधकांनी स्वीकारले नाही. त्यांचा कल छत्तीसगडातील सिरपूरकडे आहे. प्रस्तुत लेखकासही तेच मत अधिक सयुक्तिक वाटते, मग आपल्या प्रदेशाचा मान कमी झाला तरी चालेल. विदर्भातील बौद्ध वारशाला त्या एका अनुमानाचा आधार लागतही नाही. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० साली डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांनी नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्व खात्याच्या वतीने उत्खनन केले आणि सांची-भारहुतच्या जोडीला बसावेत असे स्तूप उजेडात आणले. तिथल्या एका खांबावर मुचलिंद नागाचे नाव आहे.

भारहुतकडे पुन्हा वळू. कनिंगहॅम यांनी वेदिकेचे खांब उचलून कलकत्त्याच्या संग्रहालयात पाठवण्याची व्यवस्था केली. विलायतेतील एका पंडिताने याला मूर्तिभंजनाचा वास येतो अशी टीका केली. कनिंगहॅम यांचे उत्तर असे होते की, तो वास मी आनंदाने पत्करतो, कारण महत्त्वाची शिल्पे त्यामुळे वाचली. मागे राहिलेला उचलण्याजोगा प्रत्येक दगड लोकांनी घरे बांधायला नेला आहे. सांचीला अस्थी बाहेर गेल्या ते चूक, आणि भारहुतला दगड हलवले ते बरोबर, असा निवाडा करताना आपण दुटप्पी तर होत नाही ना, हा प्रश्न मला वर्गात एका मुलीने विचारला होता. त्याचे समाधानकारक उत्तर तेव्हा देता आले नाही. आज एवढेच सुचते की भारहुतचे दगड या देशातच राहिले, आणि सांचीचा स्तूप विटांसाठी कोणी लुटीत नव्हते.

१८८५ साली एकाहत्तराव्या वर्षी ते निवृत्त झाले. त्यांच्या कारकिर्दीतील अहवालांचे तेवीस खंड आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतात. परतीच्या प्रवासात त्यांचे सामान असलेली ‘इंडस’ ही आगबोट श्रीलंकेच्या किनाऱ्याजवळ बुडाली. टिपणे, छायाचित्रे आणि तांब्याची नाणी समुद्रात गेली. सोन्या-चांदीची नाणी जवळ होती म्हणून वाचली. बुद्धगयेवरील ‘महाबोधी’ हा शेवटचा ग्रंथ १८९२ साली निघाला आणि २८ नोव्हेंबर १८९३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

१८७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारहुतवरील ग्रंथात दानलेखांची यादी आहे. ज्यांनी खांब, आडवे दगड दान दिले त्यांची नावे व गावे तीत आहेत. त्यात राजे थोडे, साधी माणसे फार. नाशिकची गोरखिता आहे. करहकट या गावाचे सामुदायिक दान आहे, त्यास विद्वान आपले कऱ्हाड मानतात. आणि भोजकट येथील एक भिक्खुणी आहे, दिगनगा नावाची. भोजकट म्हणजे आपला विदर्भ. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटात अचलपूरजवळचे चमक हे गाव भोजकट राज्यात असल्याचे नमूद आहे. कनिंगहॅम भारहुतहून नागपुरास आले त्याच्या दोन हजार वर्षे आधी ही भिक्खुणी, किंवा निदान तिचे दान, उलट दिशेने याच वाटेने गेले होते. तिचे वय, घराणे, गुरू यांविषयी तो लेख काही सांगत नाही, फक्त नाव, गाव आणि ती भिक्खुणी होती एवढेच. आपल्या शाळेतील ज्या मुलामुलींनी धम्मलिपी शिकली आहे त्यांना हा छोटासा लेख वाचावयास पाच मिनिटेही लागणार नाहीत. भारहुतची वेदिका कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात एका दालनात उभी केलेली आहे.